वाचकांचे प्रश्न : चित्राचे तास, चित्राचे हक्क

स्वतंत्रपणे बोधचित्रे काढणाऱ्या आणि स्वतःच्या हाताने वस्तू घडवून विकणाऱ्या वाचकांची पत्रे ह्या वेळी बरीच आली. चित्र कसे काढावे, असे त्यांपैकी एकानेही विचारलेले नाही. सगळ्यांच्या अडचणी चित्र काढायला बसण्यापूर्वीच्या किंवा ते हातावेगळे झाल्यानंतरच्या आहेत, आणि मला त्याचे नवल वाटत नाही. पत्रे मोठी असल्यामुळे प्रश्न संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी पुस्तकांसाठी चित्रे काढू लागले. जोडीला लिनोच्या (लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरलेल्या) ठशांनी छापलेली कार्डे आणि वह्याही करते. पूर्वीच्या पगाराला महिन्याच्या तासांनी भागून मी माझा ताशी दर ठरवला होता. काम भरपूर आहे, रात्रीही बसते, तरी वर्षाअखेरीस हाती पगाराच्या निम्मेही उरत नाही. नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर : चूक भागाकारात आहे. नोकरीत असताना आपण बैठकीत बसून राहिलात, संगणक बंद पडला म्हणून दोन तास वाट पाहिलीत किंवा आजारी पडून घरी राहिलात, तरी त्या वेळेचा पगार मिळत होता. कागद, वीज, उपकरणे आणि जागा ह्यांचा खर्चही दुसरेच कोणी सोसत होते. स्वतंत्र काम करणाऱ्याला हे सारे स्वतःच्या दरातून भागवावे लागते. वर्षाचे ५२ आठवडे असतात. रजा, आजारपण आणि सणवार ह्यांचे सहा आठवडे वजा केले तर ४६ उरतात. आठवड्याला ४० तास धरले तर १८४० तास होतात. परंतु ह्यांतले ज्यांचे पैसे कोणाकडून घेता येतात असे तास, माझ्या अनुभवाप्रमाणे, निम्म्याच्या आसपास म्हणजे ९२० भरतात. आपल्याला वर्षाला लागणारी रक्कम, अधिक व्यवसायाचा सगळा खर्च, अधिक कर, ह्या बेरजेला ९२० ने भागायचे. १८४० ने नव्हे. आपला दर निम्मा ठरला होता तो इथे.

उरलेले तास जातात कुठे, हे पाहण्यासाठी माझ्या नोंदवहीतले एक पान इथे उतरवते. काम एका पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे होते. बोलणी आणि पत्रव्यवहार ३ तास, हस्तलिखित वाचणे ६, कच्चे खर्डे ४, पक्के चित्र ९, दुरुस्त्या साडेतीन, स्कॅन करून छपाईची फाइल तयार करणे २, बिल आणि त्याची स्मरणपत्रे दीड. एकूण २९ तास. ज्याला लोक ‘चित्र काढणे’ म्हणतात त्याला त्यांतले नऊच लागले, म्हणजे एक तृतीयांशही नाही. तुम्ही फक्त त्या नऊ तासांचे पैसे मागत असाल, तर उरलेले वीस तास तुम्ही प्रकाशकाला भेट दिलेले असतात, आणि त्या भेटीची त्याला कल्पनाही नसते. तीन महिने अशी वही प्रामाणिकपणे ठेवा. त्यातून कळेल ते कोणत्याही सल्ल्यापेक्षा उपयोगी पडेल.

मात्र हा ताशी दर ग्राहकाला सांगू नये, असे माझे मत आहे. तो आपल्या स्वतःच्या हिशेबासाठी असतो. हात सरावला की आठ तासांचे काम पाच तासांत होते, आणि तासांवर पैसे घेणाऱ्याचे उत्पन्न त्याच्या कौशल्याबरोबर घटत जाते, हा विचित्र व्यवहार आहे. ग्राहकाला कामाची एकूण रक्कम सांगावी.

वह्या आणि कार्डांचा हिशेब थोडा वेगळा आहे. एक कार्ड करायला किती वेळ लागला हे मोजू नका, वीस कार्डांच्या एका खेपेला किती लागला ते मोजा. कारण शाई काचेवर पसरणे, रोलर सारखा भिजवणे, पहिले चार-पाच ठसे फिके किंवा चिकट येणे आणि शेवटी सगळे धुऊन पुसून ठेवणे हा वेळ कार्डे दोन असोत की वीस, तेवढाच लागतो. खराब गेलेल्या प्रतींचा कागदही त्याच खेपेच्या नावावर टाकावा. दुसऱ्याच्या दुकानात माल ठेवलात तर विक्रेता बहुधा विक्रीच्या किमतीचा निम्म्याच्या जवळपास भाग स्वतःकडे ठेवतो. म्हणून निम्मी रक्कम हाती येऊनही परवडेल अशीच किंमत पहिल्या दिवसापासून असावी. स्वतः विकताना स्वस्त आणि दुकानात महाग असे केले, तर तुमचा माल ठेवायला कोणताही दुकानदार पुन्हा तयार होणार नाही.

प्रश्न : एका संस्थेने माहितीपुस्तिकेसाठी माझ्याकडून बारा चित्रे करून घेतली. आता ती चित्रे त्यांच्या पिशव्यांवर आणि दिनदर्शिकेवरही दिसतात. विचारल्यावर, पूर्ण पैसे दिले असल्याने चित्रे आमचीच आहेत, असे उत्तर आले. शिवाय आता मूळ थरांची, म्हणजे चित्राचे भाग सुटे ठेवलेली आणि बदलता येणारी, फाइलही मागत आहेत. लेखी करार केलेला नाही. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : पैसे दिल्याने चित्राची प्रत आणि ठरलेला वापर त्यांचा होतो, चित्रावरचा हक्क तेवढ्याने त्यांच्याकडे जात नाही, हा सर्वसाधारण नियम आहे. साहित्य आणि कलाकृतींच्या हक्कांविषयी १८८६ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील असलेल्या देशांमध्ये चित्र निर्माण होताक्षणी त्याचा स्वामित्वहक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी किंवा शिक्का लागत नाही. १९२८ सालच्या दुरुस्तीपासून आपले नाव लागण्याचा आणि आपल्या कृतीची मोडतोड होऊ न देण्याचा हक्कही त्या करारात आलेला आहे. ह्याला अपवाद मुख्यतः नोकरीत असताना केलेल्या कामाचा असतो, आणि काही देशांच्या कायद्यांत मागणीनुसार करून दिलेल्या कामाबद्दलही वेगळ्या तरतुदी आहेत. त्यामुळे आपल्या ठिकाणचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा विचारून मगच संस्थेला पत्र लिहा. पत्राचा सूर भांडणाचा नसावा. अशा वेळी समोरच्याला आपण काय विकत घेतले हेच अनेकदा माहीत नसते, कारण विकणाऱ्यानेही ते सांगितलेले नसते.

पुढच्या कामापासून कामाआधी एक पान लिहून पाठवायची सवय लावा. चित्र कोणत्या वस्तूवर छापले जाईल, किती प्रतींपर्यंत, किती वर्षे, कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या भाषांत, आणि तेवढ्या काळात तुम्ही ते दुसऱ्या कोणाला देऊ शकता की नाही, एवढे त्यात आले की पिशवी आणि दिनदर्शिका हे आपोआप वेगळे वापर ठरतात आणि त्यांचे वेगळे पैसे मागताना संकोच वाटत नाही. सर्व हक्क हवे असतील तर तेही देता येतात, परंतु ती विक्री वेगळी आणि तिची किंमत अनेक पटींनी जास्त. थरांच्या फाइलचेही तसेच. ती म्हणजे तुमचा कारखाना आहे. तयार माल घेणाऱ्याला कारखाना द्यावा लागत नाही.

त्याच पानावर दुरुस्त्यांबद्दल लिहायला विसरू नका, असे मी स्वतः फटका खाऊन सांगते. एका ग्राहकाने, त्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही, पक्के चित्र हाती पडल्यावर सहा वेळा बदल करवून घेतले होते. पहिल्या वेळी चित्रातली मुलगी ‘जरा आणखी आनंदी’ हवी होती, चौथ्या वेळी ती मुलगाच असावा असे ठरले. त्यांनी गैर काही केले असे मला आजही वाटत नाही. थांबायचे कुठे, हे मीच सांगितले नव्हते. तेव्हापासून माझ्या पानावर असते ते असे : कच्च्या खर्ड्यावर दोन वेळा बदल समाविष्ट, पक्क्या चित्रावर किरकोळ दुरुस्ती एकदा, आणि मूळ मागणीच बदलली तर ते नवे काम. रक्कम तीन हप्त्यांत, पैकी पहिला काम सुरू होण्यापूर्वी, दुसरा खर्डा मान्य झाल्यावर आणि शेवटचा मोठी फाइल देण्याआधी. काम मध्येच रद्द झाले तर तोवर झालेल्या टप्प्याचे पैसे परत मिळत नाहीत, हेही त्यात असते. हे पान पाहून आजवर एकच ग्राहक निघून गेला, आणि तो गेला हे बरेच झाले.

प्रश्न : माझ्याकडून चित्र घेतलेल्या एका बाईंनी दीड वर्षाने त्याचे छायाचित्र पाठवले. फुलांचा गुलाबी रंग जवळजवळ उडाला आहे, हिरवा मात्र तसाच आहे. रंग चांगल्या कंपनीचे होते. शिवाय माझ्या छापील चित्रांचे रंगही पडद्यावर दिसतात त्याहून मळकट येतात. दोन्हींचे कारण एकच आहे का?

उत्तर : नाही, कारणे दोन आहेत, पण दोन्हींचा खुलासा ग्राहकाला आधीच करता आला असता.

गुलाबी आणि किरमिजी रंगांत प्रकाशाने विटणारी रंगद्रव्ये जास्त आढळतात, आणि ही तक्रार नवी नाही. चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ साली रंगवलेल्या आपल्या शयनगृहाच्या भिंती आज निळ्या दिसतात. मुळात त्या फिक्या जांभळ्या होत्या, त्यांतली लाली विटून गेली. कंपनी कोणती आहे ह्यापेक्षा ट्यूबवर बारीक अक्षरात छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक महत्त्वाचा असतो. जुने अ‍ॅलिझरिन क्रिमझन पीआर ८३ ह्या रंगद्रव्याचे असते आणि ते विटते. पीव्ही १९ ह्या क्विनाक्रिडोन रंगद्रव्याचा गुलाबी त्याच्या कितीतरी पटीने टिकतो. फ्लुओरोसंट गुलाबी तर विकायच्या मूळ चित्रात वापरूच नये. स्कॅन करून छापायचेच असेल तर गोष्ट वेगळी. प्रकाशातील टिकाऊपणा निळ्या लोकरीच्या मापाने, म्हणजे कमीजास्त विटणाऱ्या निळ्या लोकरीच्या ठरावीक नमुन्यांशी ताडून, १ ते ८ असा सांगतात, ८ म्हणजे सर्वांत टिकाऊ. घरच्या घरीही कसोटी घेता येते : कागदाच्या पट्टीवर आपल्या पेटीतले सगळे रंग ओढावेत, निम्मी पट्टी जाड काळ्या कागदाने झाकावी आणि ती ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला चिकटवून तीन महिने विसरून जावे. कागद काढल्यावर कोणता रंग फसवा आहे हे समोर दिसते. माझ्या पट्टीत बारांपैकी तीन रंग असे निघाले, आणि त्यांतला एक माझा सर्वांत आवडता होता. त्या बाईंना नवे चित्र किंवा पैसे देऊ करणे मात्र आपले कर्तव्य आहे, असे मला वाटते.

पडद्याचे कारण निराळे. पडदा स्वतः प्रकाश टाकतो आणि लाल, हिरवा, निळा ह्या तीन प्रकाशांतून रंग घडवतो. कागद आपल्यावर पडलेला प्रकाश परतवतो आणि छपाईच्या चार शायांना झळझळीत हिरवा, नारिंगी किंवा निळा गाठताच येत नाही. म्हणून छापायच्या चित्राचे रंग निवडतानाच छपाईच्या रंगांत बदलून पाहावेत आणि पडद्याची उजळता कमी ठेवावी. फाइल प्रत्यक्ष आकाराला इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे ए-४ आकारासाठी २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल असावी, आणि कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर चित्र जास्तीचे ठेवावे. आणि पूर्ण खेप छापायला देण्याआधी एक नमुनाप्रत मागवून दिवसाच्या उजेडात पाहावी. तिचा खर्च वाचवणाऱ्यांची पत्रे मला नियमाने येतात.

प्रश्न : माझ्यासारख्याच शैलीत कोणीतरी कार्डे काढून विकत आहे. एका कार्डात तर माझ्या चित्रातली खिडकी आणि मांजर जशीच्या तशी आहेत. काय करावे?

उत्तर : शैलीवर कोणाचा हक्क नसतो, आणि नसावाही, आपणही ती कुठून तरी उचलत घडवलेली असते. विशिष्ट चित्राची नक्कल मात्र बेकायदेशीर ठरते, म्हणून खिडकीच्या कार्डापुरतेच बोला. आपले रेखाटन, त्याचे आधीचे खर्डे आणि तारखा एकत्र करून सभ्य शब्दांत विक्री थांबवण्याची विनंती करावी, आणि ते कार्ड जिथे विकले जाते त्या दुकानालाही तीच प्रत द्यावी. हा त्रास आपल्या धंद्याइतकाच जुना आहे. स्वतःची चित्रे स्वतः कोरून, छापून आणि विकून जगणाऱ्या विल्यम होगार्थ ह्या इंग्लिश चित्रकाराने नकलाकारांना कंटाळून इतर कोरीवकारांसह ब्रिटनच्या संसदेकडे दाद मागितली, आणि त्यातून झालेला कायदा १७३५ साली अमलात आला. त्याने कोरीव चित्रांना १४ वर्षांचे संरक्षण दिले. कायदा लागू होईपर्यंत आपली नवी मालिका त्याने रोखून धरली होती. तरीही नकला बाजारात आल्याच.

प्रश्न : लिनोच्या ठशावरून मी तीस प्रती काढल्या, त्यांवर क्रमांक घातले आणि त्या संपल्या. मागणी आहे. आणखी तीस काढाव्यात का?

उत्तर : त्याच रूपात काढू नयेत. प्रतीखाली पेन्सिलीने ७/३० असे लिहिता तेव्हा जगात अशा तीसच आहेत, असे वचन त्या कागदाबरोबर विकलेले असते. चित्रकारासाठी ठेवलेल्या चार-दोन प्रती तेवढ्या वेगळ्या, आणि त्यांवर तसे लिहिलेले असते. मागणी असेल तर तेच चित्र लहान करून, दुसऱ्या प्रक्रियेने, क्रमांक न घालता कार्ड म्हणून छापा आणि ती स्कॅनवरून छापलेली प्रत आहे हे मागच्या बाजूस स्पष्ट लिहा. पुढच्या ठशाच्या वेळी तीस हा आकडा सवयीने घालू नका, थोडा विचार करून ठरवा. आणि मोह होत असेल तर जुन्या ठशावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत तिरकी रेघ कोरून त्याची एक प्रत काढून ठेवा, म्हणजे त्यावरून पुन्हा पहिल्यासारखी प्रत निघणारच नाही.