नाशिकहून मुलाला कॅनडात बिझनेस डिप्लोमाला पाठवू का?

तुमचा मुलगा बीकॉम झालाय. सल्लागार म्हणतो, नियम बदलले तरी दोन वर्षांचा डिप्लोमा केला की तीन वर्षं नोकरी पक्की. द्राक्षबाग तारण ठेवून फी भरावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत, आत्ता भरू नका.

आधी हे हिशेब बरोबर होते, आता नाहीत. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटसाठी (तिथे शिकायच्या परवान्यासाठी) अर्ज करणाऱ्याला कॉलेजच्या डिप्लोमानंतर वर्क परमिट, म्हणजे तिथे नोकरी करायचा परवाना, हवं असेल, तर तो कोर्स सरकारच्या ठरावीक यादीतला असावा लागतो. शेती, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, सुतारकाम-वायरिंगसारखे कुशल व्यवसाय, वाहतूक असे विषय त्यात आहेत. साधा बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा त्यात नाही. पदवी आणि मास्टर्सला ही विषयाची अट नाही.

माझ्या भाचीच्या बाबतीत हेच झालं. बहीण पिंपळगाव बसवंतला असते. गेल्या वर्षी कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात आम्ही दोघी बसलो होतो. समोर गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक, त्यात राहण्याच्या खर्चासाठी दहा हजार कॅनेडियन डॉलर दाखवा असं छापलेलं. तो आकडा २०२३ सालचा! १ जानेवारी २०२४ ला तो २०,६३५ झाला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. म्हणजे एकट्या विद्यार्थ्याचे साधारण चौदा-पंधरा लाख रुपये, पहिल्या वर्षाची फी आणि विमानाचं तिकीट वेगळं. तिथे मला शंका आली, पण तोवर बहिणीने पहिल्या सेमिस्टरची फी भरून टाकली होती.

मग भाचीने थेट कॉलेजला मेल केला. प्रत्येक कोर्सला त्याचा विषय सांगणारा सहा आकडी सीआयपी कोड असतो, तो मागितला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावरच्या यादीत आम्ही तिघींनी तो कोड दोनदा शोधला. नव्हता. फी परत मिळाली, पण कापून. बहीण त्या रात्री जेवली नाही. सल्लागाराला हे माहीत नसेल यावर माझा आजही विश्वास बसत नाही, आणि त्याचा राग गेलेला नाही.

दुसरं, "एसडीएसमधून (विद्यार्थ्यांच्या जलद परवाना योजनेतून) झटपट व्हिसा" असं कुणी म्हटलं तर उठून या. ती योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली. त्याच दिवसापासून कॉलेज बदलायचं तर नवीन स्टडी परमिट काढावं लागतं, त्यामुळे "आधी जाऊ दे, तिथे गेल्यावर बदलेल" हेही चालत नाही. सेमिस्टर चालू असताना कॉलेजच्या आवाराबाहेरचं काम आठवड्याला २४ तासच करता येतं. तेवढ्यात बँकेचा हप्ता निघेल असं धरू नका.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वर्क परमिटच्या वेळी इंग्रजीची परीक्षा दाखवावी लागते आणि आयईएलटीएस असेल तर ती जनरल लागते. प्रवेशासाठी दिलेली ॲकॅडेमिक तिथे चालत नाही.

तेव्हा आज कॉलेजला मेल करून मुलाच्या कोर्सचा कोड मागवा, आणि यादी सल्लागाराच्या नाही, तुमच्या मोबाईलवर उघडा. भाचीने पाठवलेला मेल माझ्याकडे आहे. हवा असेल तर सांगा, मजकूर देते.