सागवान म्हणून घेतलेल्या लाकडातून पूड पडते: नमुना कुणी काढायचा?

प्रश्न: राजापूर तालुक्यात घर बांधलं. चौकटी आणि वाशांसाठी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या एका वखारीतून २ लाख ८० हजारांचं लाकूड आणलं. बिलावर ‘सागवान, गाभ्याचं, वाळवलेलं’ असं आहे. पावसाळ्यानंतर चौकटी पिळल्या, वाशांतून पिठासारखी पूड पडते. वखारवाला म्हणतो, कोकणच्या दमट हवेत असं होणारच आणि कापलेला माल परत घेत नाही. एक तुकडा तपासून घेऊन तक्रार करू का?

उत्तर: तुकडा स्वतः पाठवू नका. ‘हे लाकूड आमचं नाहीच’ हा पहिलाच आक्षेप येईल आणि तो खोडणं अवघड जाईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८(२) नुसार, चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग तुमच्याकडून नमुना घेतो, सीलबंद करतो आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवालाची मुदत ४५ दिवस, ती वाढू शकते. चाचणीची फी आधी तुम्हालाच भरावी लागू शकते. तक्रारीसोबतच या चाचणीसाठी वेगळा अर्ज द्या आणि बंगळूरची काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था किंवा देहरादूनची वन संशोधन संस्था सुचवा.

प्रयोगशाळेला काय विचारायचं, यावर प्रकरण उभं राहतं किंवा पडतं. बहुतेक जण ओलाव्यावर भर देतात. लाकूड १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत भट्टीत सुकवून ओलावा मोजतात, पण तो आजचा ओलावा. लाकूड हवेप्रमाणे ओल घेतं आणि सोडतं, त्यामुळे माल उतरला त्या दिवशी ते किती ओलं होतं हे त्यातून कळत नाही. दमट हवेचा बचाव इथेच टिकतो.

न बदलणाऱ्या गोष्टी विचारा: सूक्ष्मदर्शकाखाली जात कोणती, प्रत्येक तुकड्यात गाभा किती आणि बाहेरचा पांढरट थर किती, पूड कोणत्या किडीची. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, म्हणून तो वाळवीला दाद देत नाही. पांढऱ्या थरात ती नसतात, उलट स्टार्च असतो आणि पूड पाडणारा भुंगेरा त्यावरच जगतो. कापून उरलेल्या एखाद्या तुकड्याच्या ताज्या छेदावर आयोडीनचा थेंब टाकून पाहा. काळा-निळा डाग आला तर तिथे स्टार्च आहे. हा पुरावा नव्हे, तुमच्या माहितीसाठी.

लाकूड सागच निघण्याची शक्यता धरून चाला. कोवळ्या, लागवडीच्या सागात पांढरा थर जास्त असतो. म्हणून तक्रारीत फक्त ‘साग नाही’ असं लिहाल तर फसाल. ‘जात वेगळी आहे, किंवा साग असला तरी बिलात लिहिल्याप्रमाणे गाभ्याचं नाही’ असे दोन्ही मुद्दे मांडा. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, असं माल विक्री कायदा, १९३० चं कलम १५ सांगतं. माल कापला म्हणून नुकसानभरपाईचा हक्क जात नाही.

तोवर सगळ्या वाशांना कीडनाशक लावू नका. निदान दोन वासे आणि एक चौकट तशीच ठेवा, बदललेले तुकडे खुणा करून कोरड्या जागी ठेवा. मोबाइलमधले फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. स्थानिक साग असेल तर वनखात्याचा वाहतूक परवाना वखारवाल्याला पाठवायच्या नोटिशीतच मागा.

पोलिसांकडे आत्ता जाऊ नका. विकतानाच फसवण्याचा हेतू होता हे सिद्ध करणं कठीण आहे. १५ दिवसांची नोटीस नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा. वखार कोल्हापुरात असली तरी तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला दाखल-शुल्क नाही. घराच्या खोल्या पर्यटकांना देत असाल तर ते पोटापाण्यासाठी स्वतः चालवता हे स्पष्ट लिहा, नाहीतर ‘व्यापारी हेतूने घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप येईल. मुदत दोन वर्षांची. ती खरेदीच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे वाद उरणार नाही.