‘पत्ता चुकीचे आहे’

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सभासद-अर्जाचं सॉफ्टवेअर मी जँगोमध्ये (पायथन भाषेतली वेबसाइट बनवायची चौकट) लिहितोय. चुकीच्या नोंदीसाठी ‘अमुक चुकीचे आहे’ असं एकच वाक्य ठेवलंय. अमुकच्या जागी रकान्याचं नाव आपोआप बसतं. मराठी करणाऱ्या ताई म्हणतात, प्रत्येक रकान्याला वेगळं वाक्य द्या. एवढा खटाटोप लागतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : लागतो. ताईंचं ऐका. मीही बरीच वर्षं असे संदेश मराठीत करते, आणि या एकाच वाक्यापाशी दर वेळी अडते. इंग्रजीतलं ‘इनव्हॅलिड’ कुठल्याही नामाला चालतं. आपल्याकडे पत्ता चुकीचा, तारीख चुकीची, नाव चुकीचं; शिवाय विभक्ती लागली की ‘पत्ता’चं ‘पत्त्यात’ होतं. तुकडे जोडून हे साधत नाही.

आणि वेगळं वाक्य लिहायचंच आहे, तर त्यात नुसतं ‘चुकीचं’ म्हणून थांबू नका. ‘आयएफएससीत एकूण ११ अक्षरं-अंक असतात, पाचव्या जागी शून्य असतं, इंग्रजी ओ नाही. पासबुकावर पाहा’ असं वाचलं की सभासद स्वतःच दुरुस्त करतो.

आकडा किंवा नाव संदेशात घालायचं असेल तर एफ-स्ट्रिंग (वाक्यात किंमत लगेच भरून टाकणारी पायथनची सोय) वापरू नका. भाषांतर शोधून देणारं गेटटेक्स्ट मूळ वाक्य जसंच्या तसं शोधतं. त्यात ४५ सारखा आकडा आधीच भरलेला असला तर भाषांतर सापडतच नाही आणि पडद्यावर इंग्रजी उमटतं. जँगोच्या व्हॅलिडेशनएररला (चूक कळवणाऱ्या भागाला) पॅराम्स, म्हणजे रिकाम्या जागी भरायच्या किमती, वेगळे देता येतात, ते द्या. रिकाम्या जागांना नावं ठेवलीत तर ताईंना त्यांचा क्रमही बदलता येईल : ‘तुम्ही ४५ अक्षरं लिहिलीत, ४० पर्यंतच चालतात.’

आता मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट. सभासद पिनकोड ४१६४१६ असा देवनागरीत लिहितो आणि पडदा सांगतो, ‘फक्त अंक लिहा’. अहो, अंकच लिहिलेत त्याने! ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या रेगेक्समध्ये (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्रात) अंक म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. पायथन ३ मात्र देवनागरी अंक ओळखतं, इंट फंक्शन त्यांची संख्याही करून देतं. तेव्हा ब्राउझरमधली तपासणी सैल करा, सर्व्हरवर अंक इंग्रजीत बदलून साठवा. हा संदेश भाषांतराला पाठवायचाच नाही, काढून टाकायचा.

नावाच्या रकान्यातही हेच होतं. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) ‘लेटर’ वर्गात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त येत नाहीत, ते ‘मार्क’ वर्गात आहेत. रेगेक्समध्ये फक्त पहिला वर्ग असेल तर ‘श्रीकांत’ हे नावसुद्धा नाकारलं जातं. दोन्ही वर्ग घ्या. मधली मोकळी जागा आणि टिंबही चालू द्या, आद्याक्षरं लिहिणारे सभासद तुमच्याकडे असणारच.