खरेदीखत झालं, पण जमीन विकली नव्हती

प्रश्न : २०१९ मध्ये वडिलांच्या दवाखान्यासाठी गावातल्या एकाकडून चार लाख घेतले, महिना शेकडा तीन रुपयांनी. तारण म्हणून त्याने दोन एकरांचं खरेदीखत करून घेतलं, ‘पैसे फिटले की उलटून देतो’ म्हणाला. दोन कोरे चेकही घेतले. दोन वर्षं व्याज फोनवरून पाठवलं. आता जमीन तोच कसतो आणि परत द्यायला दहा लाख मागतो. रिझर्व्ह बँकेकडे तक्रार केली, उपयोग झाला नाही. – एक शेतकरी, सोलापूर जिल्हा

उत्तर : तक्रार चुकीच्या दारात गेली. खासगी सावकारी हा राज्याचा विषय आहे आणि तो सहकार खात्याकडे आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली तुमचा अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जायला हवा. तेच जिल्ह्याचे सावकारी निबंधक. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडेही एक प्रत देऊन पोच घ्या.

अर्ज कलम १८ खाली करा. सावकारीच्या ओघात तारण म्हणून गेलेली जमीन, कागदावर विक्री दिसत असली तरी, चौकशीअंती परत देण्याचा आणि ते खरेदीखत अवैध ठरवण्याचा अधिकार निबंधकांना आहे. व्यवहार अर्जापासून मागच्या १५ वर्षांतला हवा. तुमचा त्यात बसतो. दिवाणी कोर्टात खरेदीखत रद्द करून घ्यायचं तर तीन वर्षांच्या मुदतीचा मुद्दा आडवा येईल, म्हणून हाच रस्ता आधी धरा.

खरी लढाई पुराव्याची आहे. समोरचा म्हणेल, ‘मी सावकार नाही, रीतसर जमीन घेतली.’ एखाद्याला एकदा उसने पैसे देणं म्हणजे सावकारीचा धंदा नव्हे, आणि बरेच अर्ज इथेच पडतात. त्यामुळे त्याच्याकडून व्याजाने पैसे घेतलेले आणखी दोन-तीन जण शोधून त्यांचे जबाब द्यायला लावा. गावात कोणी बोलायला धजावत नाही, हे मला ठाऊक आहे. निदान त्याच्या नावावरची इतर खरेदीखतं दुय्यम निबंधक कार्यालयातून काढा. तुमच्या खतातली किंमत आणि त्या वर्षीचं सरकारी मूल्यांकन शेजारी ठेवा. सगळ्यांत बोलका पुरावा मात्र तुमच्या बँक खात्यात आहे. जमीन खरोखर विकली असती, तर विकणाऱ्याने घेणाऱ्याला दरमहा बारा हजार कशाला पाठवले असते?

त्याच्याकडे सावकारीचा परवाना नसेल तर याच कायद्याच्या कलम ३९ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना असला, तरी शेतकऱ्याच्या तारण कर्जाला वर्षाला ९ टक्क्यांची मर्यादा आहे. तुमच्याकडून ३६ घेतले. शिवाय मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही.

तोवर दहा लाखांच्या कुठल्याही कागदावर सही करू नका, नोटरीसमोर तर नाहीच. अर्ज गेल्याचं कळताच तो कोरे चेक भरून वटवायला टाकेल, असं धरूनच चाला. चेक परत गेल्याची नोटीस आली, तर पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या आणि त्याला सावकारी अर्जाची पोच जोडा. निबंधकांचा निकाल विरोधात गेला, तर एका महिन्यात विभागीय सहनिबंधकांकडे अपील आहे.