पॅरेंटल कंट्रोल टाकल्यावर 'प्रोग्रॅम ग्रुप पॉलिसीने ब्लॉक केलाय' असं का येतं?

सॉफ्टवेअर बिघडलेलं नाहीये, तुम्ही आधी लावलेली सॉफ्टवेअर रेस्ट्रिक्शन पॉलिसीच (कुठले प्रोग्रॅम चालू द्यायचे ते ठरवणारी विंडोजची सेटिंग) त्याला अडवतेय. तिची लेव्हल 'डिसअलाउड' (परवानगी नाही) ठेवली की मुळात फक्त विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरमधलंच चालतं, आणि बऱ्याच पॅरेंटल कंट्रोलवाल्यांचा अपडेटर प्रोग्रॅमडेटा नाहीतर टेम्प या फोल्डरमधून चालतो, मग तो अडकणारच. मी पुण्यात घरोघरी पीसी बघतो, गेल्याच आठवड्यात कोथरूडला हेच होतं, मुलगा शांतपणे गेम खेळत होता आणि कंट्रोलचा आयकॉन लाल.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा, ॲप्लिकेशन लॉगमध्ये ८६५ नंबरचा इव्हेंट शोधा, त्यात अडवलेल्या फाइलचा पूर्ण पाथ, म्हणजे ती कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता, असतो (८६६ दिसला तर तुमचाच एखादा पाथ रूल, म्हणजे ठराविक पाथसाठीचा नियम, आडवा येतोय). मग:

- ती फाइल प्रोग्रॅमडेटात असेल तर तिच्या तेवढ्याच फोल्डरला 'अनरिस्ट्रिक्टेड' (चालू द्या) पाथ रूल द्या
- हॅश रूल (नेमक्या त्याच फाइलला ओळखून दिलेली परवानगी) नको, प्रत्येक अपडेटला फाइल बदलते की परत तेच रडगाणं

फक्त अख्खा टेम्प किंवा ॲपडेटा मोकळा करू नका, तिथे मुलाच्या अकाउंटला लिहिता येतं, म्हणजे पेनड्राइव्हवरून एक्सई (प्रोग्रॅमची फाइल) टाकली की झालं. आणि रूल देण्याआधी त्या फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये मुलाला राइट परमिशन नाही ना ते बघा, कारण प्रोग्रॅमडेटात सुद्धा काही सबफोल्डर मोकळे असतात. तसंही विंडोज १० च्या १८०३ व्हर्जनपासून मायक्रोसॉफ्टने ही पॉलिसी पुढे विकसित करणं थांबवलंय, नवीन मशीनवर तिच्या नादी लागू नका.