न लिहिलेला कंस

चि. हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अकरावीचा गणिताचा वर्ग तुझ्याकडे आला, बरं झालं. पुस्तक संचांपासून सुरू होतं. पहिल्या दिवशी ते उघडू नकोस. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मुलं मॅट्रिक्समध्ये किंवा लिमिटमध्ये अडकली असं म्हणतात, पण त्यांची वही ओळीओळीने वाचली की चूक आठवी-नववीतली निघते. बहुतेक वेळा ती कंसाची असते, आणि तोही कोणी न लिहिलेल्या कंसाची.

पहिल्याच तासाला दहा प्रश्नांची चाचणी घे. ४० मिनिटं, मार्क नाहीत, कॅल्क्युलेटर नाही. त्यात हा प्रश्न असू दे: ३/(क्ष − १) − २/(क्ष + २) एका छेदावर आण. (पत्रात क्ष लिहिते आहे, फळ्यावर तू एक्सच लिही, परीक्षेत तोच येतो.) अर्धा वर्ग अंशात ३क्ष + ६ − २क्ष − २, म्हणजे क्ष + ४ लिहील. खरं उत्तर क्ष + ८. असं का होतं? अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचं काम करत असते. समच्छेद करताना ती रेघ हलते आणि −२(क्ष − १) मधला कंस मुलाने मनातच ठेवलेला असतो. वजाचं चिन्ह पहिल्या पदावर पडतं, दुसऱ्यावर पडतच नाही. म्हणून महिनाभर एक सक्ती कर: रेघ हलवली की आधी कंस लिहायचा, सोडवायचा पुढच्या ओळीत. एका ओळीत दोन कामं नाहीत.

पडताळाही तिथेच शिकव. क्ष = २ घाल: मूळ राशी ३ − १/२, म्हणजे २.५. क्ष + ८ ने १०/४ येतं, जुळतं. क्ष + ४ ने ६/४, चूक उघडी पडते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. फक्त ० आणि १ घालू देऊ नकोस. १ ने इथे छेदच शून्य होतो, आणि इतरत्र ० किंवा १ घातले की चुकीची उत्तरंही पुष्कळदा जुळून येतात.

हाच कंस ओळखू आला की बाकीच्या चुका एका माळेत बसतात. (क्ष + ६)/६ मधले सहा उडवणं, √(९ + १६) चे ३ + ४ करणं, −३² ला ९ म्हणणं, सगळं त्याच घरातलं. फल, म्हणजे फंक्शन, मात्र वेगळ्या तासाला घे. फ(क्ष) = क्ष² − ३क्ष दिलं आणि फ(क्ष + २) विचारलं, तर पुष्कळ मुलं शेवटी नुसते २ मिळवतात. फळ्यावर आधी फ( ) = ( )² − ३( ) असं रिकाम्या कंसांनी लिही, मग भर. क्ष² + क्ष − २ येईल.

आपल्याकडे गोव्यात एक घोळ जास्तीचा आहे. बरीच मुलं प्राथमिक शाळा मराठीत किंवा कोंकणीत करतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात. अपूर्णांकांचं शिक्षण नेमकं या सांध्यावर येतं. छेद सारखे का करायचे, हे मराठीत राहून जातं आणि 'क्रॉस मल्टिप्लाय' इंग्रजीत पाठ होतं. मग मूल बरोबरचं चिन्ह नसलेल्या बेरजेतही तिरका गुणाकार करून छेद उडवतं. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिही: छेद – डिनॉमिनेटर, सहगुणक – कोइफिशंट. कोणी मराठीत समजावून सांगत असेल तर अडवू नकोस.

समीकरणांत दोनच गोष्टींवर थांब. क्ष² = ५क्ष ला क्ष ने भागलं की ० हे उत्तर हरवतं; भागू नये, एका बाजूला आणून अवयव पाडावेत. उलट √(क्ष + ६) = क्ष चा वर्ग केला की ३ आणि −२ येतात, त्यातलं −२ उपरं आहे, कारण √४ म्हणजे २. वर्ग केला की उत्तरं मूळ समीकरणात घालून बघायचीच. वर्ग पूर्ण करणं एकाच उदाहरणावर घोटून घे: २क्ष² − १२क्ष + ७ = २(क्ष − ३)² − ११. कंसात मिळवलेले ९ बाहेर १८ होतात, हे हमखास सुटतं.

शाब्दिक उदाहरणांत मुद्दाम अपुरी वाटणारी माहिती दे. बस वाळपईहून पणजीला ताशी ३० किलोमीटरने गेली, ६० ने परतली; सरासरी किती? 'अंतर दिलेलं नाही, मिस' असं म्हणतील. अंतर अ धरायला लाव: वेळ अ/३० + अ/६० = अ/२०, म्हणून २अ ÷ (अ/२०) = ४०. ४५ नव्हे. अ आला आणि निघून गेला, हे पाहणं कॉलेजच्या बीजगणिताला फार लागतं.

हे सगळं रोज तासाची पहिली १५ मिनिटं, तीन आठवडे. उरलेला वेळ पोर्शनला. गणेश चवथीची सुट्टी संपली की तीच चाचणी आकडे बदलून घे.

ता. क. चाचणीत ०.७५ देऊ नकोस, ३/४ दे. आणि कच्चं काम त्याच पानावर, खोडरबर दप्तरात.