प्रतिपिंड प्रथिन ‘शोधते’ की ‘ओळखते’?

प्रश्न असा आहे: पशुवैद्यक शाखेतल्या एका विद्यार्थिनीने प्रबंधाच्या मराठी सारांशात लिहिलं, ‘मोनोक्लोनल प्रतिपिंडाने कंडरेतील टेनासिन शोधले.’ मार्गदर्शकांनी ‘शोधले’ खोडून ‘ओळखले’ केलं. बरोबर कोण? आणि मोनोक्लोनलला धड मराठी शब्द आहे का? (प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, ठरावीक पदार्थाला चिकटणारं प्रथिन; मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेलं; कंडरा म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर.)

मार्गदर्शकांचा बदल ठीक आहे, पण अर्धवट. ओळखण्याचं काम प्रतिपिंडाचं, शोधण्याचं माणसाचं. आणि सारांशात निष्कर्ष सांगायचा तर दोन्ही क्रियापदं अपुरी पडतात, तिथे ‘आढळणे’ हवं.

‘शोधणे’ हे तसं फसवं क्रियापद. ‘किल्ली शोधली’ म्हटलं की समोरचा विचारतोच, ‘मग सापडली का?’ म्हणजे शोधण्यात सापडणं गृहीत नाही. उलट शास्त्रीय मजकुरात ‘शोधले’ दिसलं की वाचक त्याचा अर्थ ‘शोध लावला’ असा घेतो. टेनासिन हे पेशींच्या बाहेरच्या आधारद्रव्यातलं प्रथिन आहे, हे जगाला या प्रबंधातूनच कळलं असा त्याचा समज व्हायचा.

गंमत अशी की टेनासिनच्या बाबतीत तो अर्थही एकेकाळी खरा होता. मॅथियास शिके आणि डग्लस फॅम्ब्रो या संशोधकांकडे एक मोनोक्लोनल प्रतिपिंड होतं. कोंबडीच्या भ्रूणात स्नायू आणि कंडरा जिथे एकमेकांना जोडले जातात, तिथे ते चिकटायचं. त्यांनी १९८४ साली या प्रथिनाची माहिती प्रसिद्ध केली तेव्हा त्याला ‘मायोटेंडिनस अँटिजेन’ म्हटलं, म्हणजे निव्वळ पत्त्यावरून पडलेलं नाव. त्याआधी, १९८३ साली, अमेरिकेत मेंदूतल्या ग्लायोमा गाठींवर काम करणाऱ्यांना ‘८१सी६’ या दुसऱ्याच मोनोक्लोनल प्रतिपिंडामुळे हेच प्रथिन वेगळ्या नावाने भेटलं होतं. ‘टेनासिन’ हे नाव १९८६ साली रूथ शिके-एरिसमान आणि सहकाऱ्यांनी दिलं: लॅटिनमध्ये ‘टेनेरे’ म्हणजे धरून ठेवणं, ‘नास्की’ म्हणजे जन्मणं. कंडरेत असतं आणि भ्रूण वाढताना भरपूर दिसतं, म्हणून. इथे आधी प्रतिपिंड हाती आलं, ओळख पटायचं प्रथिन मागाहून. अशा ठिकाणी ‘प्रतिपिंडामुळे प्रथिनाचा शोध लागला’ हे अगदी चोख मराठी आहे. आज बाटलीतलं तयार प्रतिपिंड वापरणाऱ्याने मात्र ते लिहू नये.

आता ‘ओळखणे’. मोनोक्लोनल प्रतिपिंड अख्खं प्रथिन ओळखत नाही, त्यावरची एक छोटीशी जागा ओळखतं. तिला एपिटोपच म्हणावं. उती (पेशींचा समूह) टिकवण्यासाठी फॉर्मलिनमध्ये ठेवली की कधी कधी ती जागा झाकली जाते किंवा तिचा आकार बिघडतो. प्रथिन तिथेच असतं, प्रतिपिंड चिकटत नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळा काळोख. म्हणून ‘टेनासिन नव्हते’ आणि ‘टेनासिन आढळले नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘आढळणे’ हे सावध क्रियापद आहे. आपल्या पद्धतीला जेवढं दिसलं तेवढंच ते सांगतं.

मोनोक्लोनलबद्दल थोडक्यात. क्लोनसाठी ‘कृत्तक’ हा शब्द वापरलेला दिसतो, त्यावरून ‘एककृत्तकी’ करता येईल. शब्द वाईट नाही, मुळातच ‘कापलेला’ असा अर्थ आहे आणि ग्रीक क्लोनचा अर्थही डहाळी. पण टंकताना ‘त्त’चा अनुस्वार झाला की ‘कृंतक’ होतो, म्हणजे उंदीर-खारींचा गण! बरं, कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिजमध्ये मोनोक्लोनल प्रतिपिंडं बनवायची जी रीत बसवली तिच्यात उंदराच्याच प्लीहेतल्या पेशी कर्कपेशींशी जुळवतात, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षातही यायची नाही. मी तरी ‘मोनोक्लोनल’च ठेवीन.

लिंगाचंही सांभाळा. प्रयोगशाळेत ‘अँटिबॉडी’ ही बाई असते: ‘प्रायमरी रात्रभर चार अंशाला ठेवली, सकाळी धुऊन सेकंडरी लावली.’ (प्रायमरी प्रथिनाला चिकटते, सेकंडरी प्रायमरीला.) लिहिताना ‘प्रतिपिंड’ नपुंसकलिंगी, अनेकवचन ‘प्रतिपिंडे’. बोलायची सवय लेखणीत उतरून ‘प्रतिपिंड वापरली’ असं हमखास होतं.

मग वाक्य असं करा: ‘टेनासिन ओळखणारे मोनोक्लोनल प्रतिपिंड वापरून कंडरेचे छेद तपासले, स्नायू व कंडरा यांच्या जोडाजवळ टेनासिन आढळले.’ छेद, म्हणजे उतीचे पातळ काप, गोठवलेल्या उतीचे होते की फॉर्मलिनमधल्या, तेही त्यातच घाला; दोन शब्दांचं काम आहे, आणि मौखिक परीक्षेला तोच प्रश्न पहिला येईल.